इंदूर–इच्छापूर रस्ता: २७ नंबर आता गावाबाहेरून?

राजेंद्रनगरी

नमस्कार मंडळी. २८ एप्रिलला रावेरखेडीला जायचं आहे, बाजीरावांची पुण्यतिथी. पुण्याहून मेहुणे आणि त्यांचे दोन मित्र येतायत. म्हणजे एका गाडीत पाच जण, आणि त्यातल्या एकाला वळणं लागली की मळमळतं.

मार्ग लहानपणापासून पाठ आहे. भंवरकुआ, युनिव्हर्सिटी, राणीबाग, लिंबोदी, तेजाजी नगर. मग सिमरोल, भेरूघाट, चोरल, बलवाडा, बडवाह. मोरटक्क्याला नर्मदा, पुढे सनावद, आणि तिथून बेडियाच्या रस्त्याने रावेरखेडी. येताना सनावदला आत्याकडे जेवण, ते टाळता येत नाही.

पण मागच्या खेपेला गेलो तर रस्ता अर्धा जुना, अर्धा नवा. मोबाईलमधल्या बाईंनी 'उजवीकडे वळा' म्हटलं, तर उजवीकडे मुरमाचा ढीग. दहा मिनिटं आम्ही कोणाच्या तरी शेतातून चालवत होतो. रोज जाणाऱ्यांनी सांगावं: घाटात किती वेळ धरायचा? की महूवरून खाली उतरून महेश्वर–मंडलेश्वरकडून जावं?

आणि एक जाणून घ्यायचंय. नवीन चौपदरी रस्ता बडवाह-सनावदच्या बाहेरून काढतायत म्हणतात. आमच्या लेखी हा स्टेट हायवे २७ म्हणजे गावांची माळ होती. गावं काढून घेतल्यावर काय उरतं, कोणी सांगेल का?

सिमरोल_अपडाऊन

दादा, मी सिमरोलच्या शाळेत शिकवते, १४ वर्षं रोज अपडाऊन. पहिलं सांगते, सकाळी ७ च्या आत तेजाजी नगर सोडा. त्यानंतर आयआयटीच्या बसेस, कॉलेजांच्या बसेस, डंपर आणि ओंकारेश्वरला निघालेली मंडळी सगळी एकदम येतात. सोमवार असेल तर ६ च्या आत.

मी लागले तेव्हा आयआयटीचं काम चालू होतं. सिमरोलला तेव्हा दोन चहाच्या टपऱ्या, एक पंक्चरवाला आणि शाळा एवढंच होतं. आता फ्लॅट, हॉस्टेल, मोमो, सगळं मिळतं. शहर इथपर्यंत चालत आलं ते याच रस्त्याला धरून. त्यामुळे 'गावातून रस्ता' म्हणताना आमचं गाव आधी रस्त्याला येऊन चिकटलंय, हेही लक्षात घ्या. माझी शाळा आधी रस्त्यापासून चांगली आत वाटायची. आता खिडकी उघडली की फळ्यावर धूळ.

उलटी होणाऱ्याला पुढच्या सीटवर बसवा आणि निघताना पोहे-जलेबी देऊ नका. घाटानंतर द्या.

चाकवाला

राजेंद्रनगरी भिया, माळ वगैरे ठीक आहे, पण तुम्ही कारमध्ये बसून माळ जपता. मी २२ वर्षं गाड्या चालवतो, आता दोन ट्रक आहेत स्वतःचे. या रस्त्याला पेपरवाले किलर हायवे म्हणतात ते उगाच नाही.

भेरूघाटाचं गणित समजून घ्या. इंदूर ५५० मीटरच्या आसपास उंचीवर. बडवाह २०० मीटरच्याही खाली. हा सगळा उतार विंध्याच्या थोड्याशा पट्ट्यात आहे. भरलेली गाडी ज्या गियरमध्ये चढेल त्याच गियरमध्ये उतरवायची, हा नियम. पण डिझेल वाचवायला पोरं न्यूट्रल मारतात. मग सगळा भार ब्रेकवर. दोन वळणांत ब्रेकचे लायनर तापतात, तिसऱ्या वळणावर पाय दाबला तरी गाडी ऐकत नाही. समोरून तुमच्यासारखा सहकुटुंब ओंकारेश्वरला निघालेला.

नवीन रस्त्यात तीन बोगदे आहेत घाटाच्या भागात. उतार सौम्य, वळणं कमी. मला विचाराल तर गावं राहिली काय, गेली काय, आधी हा घाट जाऊ द्या.

राजेंद्रनगरी

चाकवाले, घाटाबद्दल दुमत नाहीच. माझा सख्खा मित्र त्या घाटात गेला आहे, १९९१ मध्ये. मी बोलतोय घाटाखालच्या गावांबद्दल.

पुणे_४११०३०

मध्येच विचारतो, माफ करा. २७ नंबर म्हणजे नेमका कोणता? मला नकाशात ३४७ बीजी दिसतंय. दोन वेगळे रस्ते आहेत का?

जुना_कागद

एकच. मध्य प्रदेशचा स्टेट हायवे २७ हा उज्जैनकडून इंदूरला येतो, इंदुरातून निघून खंडवा, बऱ्हाणपूर करत इच्छापूरला महाराष्ट्राच्या वेशीवर पोचतो. म्हणून जुन्या लोकांच्या तोंडी 'इंदूर–इच्छापूर'. पुढे मुक्ताईनगर, म्हणजे जुनं एदलाबाद. इंदूरच्या दक्षिणेचा भाग राष्ट्रीय महामार्ग झाला, तेव्हा त्याला ३४७ बीजी हा नंबर मिळाला. इंदूर–हैदराबाद म्हणून जी वाट आखली आहे, तिचा हा पहिला तुकडा. नंबर बदलला म्हणून सरवटे बस स्टँडवरचा कंडक्टर काही 'तीनशे सत्तेचाळीस बीजी' म्हणून ओरडत नाही. तो 'बडवाह-सनावद-खंडवाऽ' असंच ओरडतो.

धागाकर्त्यांच्या 'माळ' या शब्दाबद्दल थोडं. ही माळ एकट्या रस्त्याने गुंफलेली नाही. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी रेल्वेसाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्जाऊ दिले, १०१ वर्षांसाठी, साडेचार टक्क्यांनी. संस्थानिक सरकारला कर्ज देतोय आणि व्याज लावतोय! त्यातून खंडवा–इंदूर मीटरगेज आली. पातळपाणी-कालाकुंडच्या घाटात ४० फुटांना १ फूट असा चढ होता, मागून दुसरं इंजिन लावावं लागे. चोरल, बलवाडा, बडवाह, सनावद ही स्टेशनं आणि रस्त्यावरची गावं तीच. कापूस गाडीने जायचा, माणसं बसने, आणि दोन्ही एकाच गावात थांबायचे. मीटरगेज बंद झाली, ब्रॉडगेजचा मार्ग घाटात वेगळा आखलाय. आता रस्ताही बाहेरून. म्हणजे दीडशे वर्षांत पहिल्यांदाच रस्ता आणि रेल्वे दोन्ही आपली जुनी वाट सोडतायत.

घाटाखालचा

सनावदहून लिहितोय. आमचं किराणा दुकान मेन रोडवर, आजोबांपासून. मराठी घर, आता निमाडी बोलणारं. राजेंद्रनगरी साहेबांची आत्या म्हणजे नक्की कोण ते मला कळलंय, पण नाव लिहीत नाही :)

बायपासमुळे दुकानाचं काय होईल असं सगळे विचारतात. खरं सांगू? रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या माझ्याकडून पाण्याची बाटली आणि कुरकुरे घेतात. माझं दुकान चालतं ते बेडिया, धनगाव आणि आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांवर. तो मंडीत कापूस-मिरची विकून येतो, उधारी चुकवतो, महिन्याचं भरून नेतो. ट्रकांमुळे तो उलट दुकानासमोर ट्रॅक्टर लावू शकत नाही. तेव्हा ट्रक बाहेरून गेले तर मी नारळ फोडीन.

त्रास आहे तो शेतात. माझ्या भावाची जमीन नवीन रस्त्यात गेली. मोबदला मिळाला, त्याबद्दल बोलायचं तर २०१३ च्या कायद्यात ग्रामीण जमिनीचा भाव ज्याने गुणायचा तो गुणक १ ते २ ठेवायची मुभा राज्याला आहे. आमची जमीन गेली तेव्हा आपल्या राज्यात १ होता. म्हणजे सरकारी गाईडलाइनचा भाव आणि त्यावर तेवढंच सोलेशियम, म्हणजे सक्तीने जमीन घेतल्याची जादा भरपाई. गाईडलाइन आणि खरा बाजारभाव यात किती अंतर असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पण पैसे हा अर्धाच भाग. रस्त्याने शेताचे दोन तुकडे झाले. विहीर या बाजूला, कापूस त्या बाजूला. मध्ये दोन पुरुष उंचीचा भराव. बैल घेऊन पलीकडे जायचं तर अंडरपासपर्यंत चालत जा, आणि पावसाळ्यात त्या अंडरपासमध्ये गुडघाभर पाणी.

सिमरोल_अपडाऊन

मग पाणी नेता कसं?

घाटाखालचा

ताई, इथेच चुकलो. भराव टाकायच्या आधी रस्त्याखालून मोठा पाइप आडवा टाकून घ्यायचा असतो, म्हणजे नंतर त्यातून आपली पाइपलाइन ओवता येते. भावाने तोंडी सांगितलं, साइटवरच्या माणसाने 'हो हो' केलं. लेखी दिलं नाही. भराव झाल्यावर तो साइटवरचा माणूसच बदलला. शेजारच्याने तहसीलमध्ये अर्ज दिला होता, पोच घेतली होती, त्याचा पाइप पडला. ज्यांच्या शेतातून रस्ता जाणार आहे त्यांनी हा एक मुद्दा तरी वाचून जा: मोबदल्याच्या कागदाबरोबर पाइपाचा अर्ज, पोच घेऊन, पटवारीच्या (तुमच्याकडचा तलाठी) नकाशावर खसरा म्हणजे गट नंबर आणि विहिरीची जागा दाखवून.

केळीवाला_रावेर

वाचतोय. रावेरकडून लिहितो, म्हणजे तुमच्या रस्त्याच्या शेपटीकडून. आमच्या आणि बऱ्हाणपूरच्या केळीला उत्तरेत जायला हाच रस्ता. केळी कच्ची कापून गाडीत भरतो तेव्हापासून घड्याळ चालू होतं. मे महिन्यात बडवाहच्या जाममध्ये गाडी तीन तास उभी राहिली की वरच्या थरातल्या घडांना ताव लागतो. व्यापारी तिकडे पोचल्यावर माल बघून भाव पाडतो, आणि पाडलेला भाव शेवटी शेतकऱ्याच्या पट्टीत उतरतो. तुम्ही म्हणता गावांची माळ, आम्हाला ती गाठींची दोरी वाटते. राग मानू नका.

बऱ्हाणपुरी

+१. फक्त रावेरवाल्यांनी 'शेपूट' म्हणू नये, आमच्यासाठी रस्ता इथून सुरू होतो. असीरगड याच रस्त्यावर आहे, त्याला दख्खनचा दरवाजा म्हणतात. तो किल्ला बांधला तोच मुळी ही वाट रोखायला. १६०१ मध्ये अकबराने घेतला तेव्हा त्यालाही दगडांपेक्षा वाट हवी होती.

अवांतर: राजेंद्रनगरी, पुढच्या वेळी पाहुण्यांना इथवर आणा. मावा जलेबी आणि दराबा. पोहे-जलेबीवाल्यांना जलेबी म्हणजे काय ते कळेल.

सरवटे_स्टँड

जलेबीवरून भांडण नको. :)

मला मोरटक्क्याच्या पुलाबद्दल विचारायचंय. आई-वडील बडवाहला, मी इंदूरला, बहीण खंडव्याला. २०२३ च्या सप्टेंबरनंतर दर पावसाळ्यात घरात एकच विषय, 'पूल चालू आहे का?' नवीन पूल किती उंच होतोय, पाहिलाय का कोणी?

चाकवाला

नवीन पूल जुन्यापेक्षा बराच उंच घेतलाय, खालून डोळ्यांनी दिसतं. जुना अरुंद, समोरासमोर दोन ट्रक आले की आरसे मिटायचे.

२०२३ ला मी त्यात होतो. सप्टेंबरच्या मधोमध दोन दिवस असा पाऊस की इंदिरासागर आणि ओंकारेश्वर दोन्ही धरणांचे दरवाजे उघडले. मोरटक्क्याला धोक्याची पातळी १६४ मीटरच्या आसपास. तिथे पाणी आलं की पोलीस दोरी बांधतात. त्या खेपेला पाणी पुलावरून गेलं. उतरल्यावर पूल तपासल्याशिवाय कोणाला सोडेनात, आणि आम्हा जड वाहनांना तर नंतरही कितीतरी दिवस बंद. माझी एक गाडी खंडव्याला अडकली. ती देशगाव, भीकनगाव, खरगोन, कसरावद करत खलघाटच्या पुलावरून, धामनोदमार्गे आग्रा–मुंबई रस्त्याने इंदूरला आली. डिझेलचा खर्च भाड्याच्या वर गेला.

घाटाखालचा

त्या दिवसांत आमची गंमत वेगळी. बडवाह खरगोन जिल्ह्यात. पूल ओलांडला की मोरटक्का खंडवा जिल्ह्यात. थोडं पुढे आलं की सनावद पुन्हा खरगोन जिल्ह्यात. म्हणजे आमचं जिल्ह्याचं ठिकाण एकच, तालुके शेजारी, पण मध्ये नदी आणि दुसरा जिल्हा. पूल उघडला का हे विचारायला कोणाला फोन करायचा, इथून सुरुवात. शेवटी नदीपलीकडे नावघाटखेडीला ओळखीचा माणूस होता, तो घाटावर जाऊन बघून सांगायचा, 'अजून दोन पायऱ्या बाकी आहेत'. सरकारी मीटरपेक्षा त्या पायऱ्यांवर आमचा जास्त भरवसा.

सरवटे_स्टँड

पायऱ्यांवरून आठवलं. बाबा अजूनही फोनवर मीटर सांगत नाहीत. 'पाणी मारुतीच्या पायाशी आलंय' म्हणतात, आणि मला कळतं.

पुणे_४११०३०

एक भाबडा प्रश्न. बायपास झाला तरी जुना रस्ता राहणारच ना? ज्यांना गावातून जायचं त्यांनी जावं. मग वाद कसला?

जुना_कागद

भाबडा नाही, नेमका आहे. रस्ता राहतो, पण त्याचा धनी बदलतो. हायवे म्हणून जोवर तो वरच्या खात्याकडे आहे तोवर खड्डे कसेबसे बुजतात. बायपास झाला की गावातला तुकडा बहुधा नगरपालिकेच्या गळ्यात पडतो. पालिकेकडे पाण्याच्या टाकीला पैसे नसतात, ती डांबर कुठून घालणार? आणि बसेस. खाजगी बसवाल्याला बाहेरून वीस मिनिटं वाचत असतील तर तो चार प्रवाशांसाठी गावात शिरत नाही. 'चौफुलीवर उतरा, रिक्षा मिळेल.' रात्री ११ वाजता मिळते का, ते उतरणाऱ्याला विचारा.

सिमरोल_अपडाऊन

हे अगदी खरं. आमच्या शाळेतल्या एक बाई अशाच चौफुलीवर अंधारात उतरायच्या, त्यांचे मिस्टर रोज टॉर्च घेऊन यायचे. शेवटी त्यांनी बदली मागून घेतली. नवीन रस्त्याबद्दल मला एकच हवंय, बायपास जिथे गावाच्या जुन्या रस्त्यापासून फुटतो तिथे बस थांबायला जागा, शेड आणि दिवा. बाकी चौपदरी करा नाहीतर आठपदरी.

चाकवाला

ताई, या मुद्द्यावर माझी सही घ्या.

केळीवाला_रावेर

माझीपण.

घाटाखालचा

दिवा लागतो हो. बिल कोण भरणार यावर विझतो.

सरवटे_स्टँड

२०२८ चा सिंहस्थ डोळ्यासमोर आहे. उज्जैनला येणारा माणूस ओंकारेश्वर केल्याशिवाय परतत नाही, २०१६ ला हा रस्ता कसा तुंबला होता ते आठवतं. तोवर हे सगळं मार्गी लागलं म्हणजे मिळवली. मूळ प्रश्नाचं काय झालं? राजेंद्रनगरी, कोणत्या रस्त्याने जाताय?

राजेंद्रनगरी

सिमरोलच्या ताईंचं ऐकून ६:३० ला तेजाजी नगर सोडणार, याच रस्त्याने. महेश्वर-मंडलेश्वरकडून गेलो तर पाहुणे किल्ल्यावर आणि साड्यांच्या दुकानात अडकतील, रावेरखेडी राहून जाईल.

आणि चर्चेबद्दल. मी ज्या सुरात धागा काढला तो थोडा सुट्टीतल्या माणसाचा सूर होता, हे मान्य करतो. विहीर इकडे आणि कापूस तिकडे, हे मला माहीत नव्हतं. आत्याकडे ३० वर्षं जातोय, पण दुकानामागच्या शेताबद्दल कधी विचारलं नाही.

राजेंद्रनगरी (२९ एप्रिल)

जाऊन आलो. ज्यांना पुढे उपयोग होईल त्यांच्यासाठी हकीकत.

तेजाजी नगर ६:४०, मेहुण्यांमुळे दहा मिनिटं उशीर. सिमरोलपर्यंत सुरळीत. घाटात एक ट्रक बंद पडलेला, एका बाजूने सोडत होते, २५ मिनिटं गेली. चाकवाले, उतरताना प्रत्येक ट्रकच्या मागे मी तुमचं न्यूट्रल आठवत होतो आणि भरपूर अंतर ठेवून होतो. मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवू दिले. मळमळणाऱ्या गृहस्थांना पुढे बसवलं. चोरलला उतरून लिंबू-मीठ चाखलं, निभावलं.

बडवाहला जाम. अगदी बाजारात, तब्बल ५० मिनिटं. उसाचा ट्रॅक्टर, लग्नाची बस आणि एक ट्रेलर, तिघांना एकाच वेळी वळायचं होतं. ५० मिनिटांत मी खाली उतरून चिवडा घेतला, दोन किलो. पुण्याच्या एकाने चप्पल शिवून घेतली. मेहुण्यांनी केळीवाल्या एका ट्रकच्या ड्रायव्हरशी गप्पा मारल्या. रावेरचाच माल होता. तो म्हणाला, चार वाजता रात्री निघालो, इथे येऊन अडकलो. त्याने ताडपत्री वर करून वरचा थर दाखवला, हात लावला तर गरम लागत होता.

पूल ओलांडताना नवीन पुलाचं काम सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. रावेरखेडीला ११ वाजता पोचलो. समाधीपाशी बरीच मंडळी होती, इंदूर-देवासची ओळखीची दोन घरंही भेटली. नदी एवढी शांत आणि पात्र एवढं रुंद, की फौजा इथून कशा उतरल्या असतील यावर पुण्याची मंडळी तासभर वाद घालत बसली. ऊन ४२ च्या पुढे असावं.

सनावदला दुपारी २ वाजता आत्याकडे पानं वाढलेली. घाटाखालचे, तुमच्या दुकानावरून गेलो, शटर अर्धं खाली होतं, तुम्ही जेवायला गेला असाल.

घाटाखालचा

मी आतच होतो हो, झोपलेलो. हाक मारायची. आणि चिवड्याचं काय झालं?

राजेंद्रनगरी

आत्याने पुडा उघडला, एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "सादळलाय. उन्हात गाडीत ठेवलास ना?" मग कढईत परतून आणला, आणि रात्रीपर्यंत संपला. इंदूरला काही पोचला नाही.

बऱ्हाणपुरी

म्हणून म्हणत होतो, मावा जलेबी घ्या.